मेनिस्कस फाटलाय असं सांगितलंय? मग हे क्रमाने करा

ठाणे-नवी मुंबईत हा त्रास साधारण दोन वाटांनी येतो. पंचविशीतला पोरगा रात्री टर्फवर फुटबॉल किंवा बॉक्स क्रिकेट खेळताना पाय रोवून वळतो, बुटाचे खिळे कृत्रिम गवतात अडकतात, अंग फिरतं आणि गुडघा तिथेच राहतो. किंवा पन्नाशीतली बाई देवापुढून उठते आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूला ‘कट्’ असा आवाज होऊन पाय टेकवेनासा होतो. दोघांच्याही एमआरआयवर ‘मेनिस्कस टेअर’ असंच लिहून येतं. उपचार मात्र दोघांचे वेगळे. आणि शेजारच्या ज्या काकांचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय, त्यांचे तर तिसरेच.

आधी थोडं आतलं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये, आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक, अशा कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गाद्या असतात. यांनाच मेनिस्कस म्हणतात. पाय सरळ असताना सांध्यावरचा साधारण निम्मा भार त्या घेतात. गुडघा काटकोनात वाकला की हे प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून सपाट रस्त्यावर चालणारा माणूस उकिडवं बसताना कळवळतो. दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. गादीच्या बाहेरच्या कडेचा १० ते ३० टक्के भाग सोडला, तर मोठ्या माणसात तिला रक्त पोचत नाही. कडेजवळची फाट टाका घातल्यावर जुळू शकते. आतल्या पातळ भागातली जुळत नाही. पण जुळली नाही म्हणजे आयुष्यभर दुखेल, असं अजिबात नाही. असंख्य लोक फाटलेली गादी घेऊन काहीही न दुखता हिंडत असतात.

पहिले तीन दिवस

खेळ किंवा काम तिथेच थांबवा. बर्फ टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. कातडीवर थेट बर्फ ठेवू नका. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल तर १० मिनिटं पुरे, आणि मध्येमध्ये कातडी बघत राहा. क्रेप बँडेज पोटरीपासून वर मांडीकडे गुंडाळत न्या. बोटं बधिर किंवा निळसर झाली तर ते आवळलं गेलंय, सोडून पुन्हा बांधा. झोपताना पाय उंच ठेवायचा तो टाचेखाली उशी घेऊन. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं खरं, पण चार दिवसांत गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि तो पुन्हा सरळ करायला महिना जातो. ही चूक घरोघरी होते.

गोळीत पॅरासिटामॉल सगळ्यात निरुपद्रवी: ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये सहा तास, दिवसभरात ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार असेल तर तीही विचारूनच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या सूज उतरवतात, पण मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर, वाढलेला रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने घेऊ नका.

पहिल्या तीन दिवसांत शेक, तेलमालिश आणि हाडवैद्याकडून ‘बसवून घेणं’ टाळा. अडकलेला गुडघा जोर लावून मोकळा करताना उरलेली गादीही फाटू शकते.

सूज केव्हा आली, ते लिहून ठेवा. ही नोंद पुढे डॉक्टरांना फार उपयोगी पडते. मार लागल्यावर दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर सांध्यात रक्तस्राव झाल्याची शक्यता असते आणि एसीएल लिगामेंट (गुडघ्याच्या आत दोन्ही हाडांना बांधून ठेवणारा दोरखंडासारखा पट्टा) तुटलं असण्याचा संशय घ्यावा लागतो. एकट्या मेनिस्कसची सूज बहुधा दुसऱ्या दिवशी दिसते.

या वेळी वाट पाहू नका

गुडघा काही अंशांवर अडकलाय आणि पूर्ण सरळच होत नाही, तर दोन-तीन दिवसांत ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. गादीचा लांबट फाटलेला पट्टा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्याच्या मध्ये येऊन बसतो, त्याला बकेट हँडल टेअर म्हणतात. तो जितका जास्त दिवस चेंगरतो तितकी टाके घालून वाचण्याची शक्यता कमी होते. ‘सूज उतरली की होईल सरळ’ म्हणून महिना काढणारे पुष्कळ जण दिसतात. त्यांच्या गादीचा मोठा तुकडा मग काढूनच टाकावा लागतो.

चार पावलंही टाकता येत नसतील तर त्याच दिवशी एक्स-रे. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, तिथे रात्र जाऊ देऊ नये. पोटरी एकाच पायाची सुजून दुखायला लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळायची नाही, लगेच रुग्णालयात जायचं. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन.

तपासणी आणि रिपोर्ट

चांगली तपासणी हाताने सुरू होते: सांध्याच्या रेषेवर दाबून, गुडघा वाकवून पाऊल आत-बाहेर फिरवून, एका पायावर उभं करून. गुडघ्याला हात न लावता थेट एमआरआय लिहून दिला तर दुसरीकडे दाखवलेलं बरं. चाळिशीपुढच्यांनी आधी दोन्ही गुडघ्यांचा, उभं राहून काढलेला एक्स-रे घ्यावा. झोपून काढलेल्या एक्स-रेत झिजलेला सांधाही बरा दिसतो. हाडांमधली जागा आधीच संपली असेल, तर त्रास झिजेचा आहे आणि गादी साफ करून तो जाणार नाही.

खाजगीत जायचं नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिकेचं रुग्णालय इथे ऑर्थोची ओपीडी आहे. सकाळी लवकर केसपेपर काढा, आणि कुणी सोबत न्या. रांगेत उभं राहणं हे दुखऱ्या गुडघ्याचं काम नाही.

पहिल्याच केसपेपरवर दुखापत कशी आणि कोणत्या तारखेला झाली हे जसं घडलं तसं लिहून घ्या. आरोग्य विम्यात सांध्यांच्या शस्त्रक्रियेला बहुधा सुरुवातीची दोन-तीन वर्षं प्रतीक्षा कालावधी असतो, पण अपघाताने झालेल्या दुखापतीला तो लागू होत नाही. ‘गुडघेदुखी, काही महिने’ एवढंच लिहिलेला कागद नंतर दाव्यात आडवा येतो.

आता एमआरआयचा रिपोर्ट. ‘ग्रेड १’ आणि ‘ग्रेड २’ सिग्नल म्हणजे गादीच्या आत झालेला बदल. तो पृष्ठभागापर्यंत आलेला नसतो, म्हणजे ती फाट नव्हे. पृष्ठभागापर्यंत पोचलेला ‘ग्रेड ३’ म्हणजे फाट. ‘पोस्टेरियर हॉर्न’ म्हणजे गादीचं मागचं टोक, बहुतेक फाटी तिथेच असतात. ‘हॉरिझॉन्टल’, ‘डीजनरेटिव्ह’ किंवा ‘कॉम्प्लेक्स’ असे शब्द बहुधा वयानुसार झालेली झीज सांगतात. ‘बकेट हँडल’ आणि ‘रूट टेअर’ हे दोन शब्द दिसले तर मात्र शस्त्रक्रियेबद्दल लगेच बोलायला हवं.

रूट टेअरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पन्नाशीतल्या बायकांमध्ये ती सर्रास चुकते. गादी हाडाला जिथे घट्ट रोवलेली असते तिथूनच ती उखडते. कारण क्षुल्लक असतं: उकिडवं बसून उठणं, एखादी पायरी. गादी दिसायला शाबूत असते पण भार धरू शकत नाही, बाहेर सरकते (रिपोर्टमध्ये याला ‘एक्स्ट्रूजन’ म्हणतात), आणि सांध्याच्या दृष्टीने ती काढून टाकल्यासारखीच होते. झीज मग महिन्यांच्या हिशेबात वाढते. ‘वय झालं, संधिवात आहे’ म्हणून गोळ्यांवर काढलेले पहिले तीन महिने इथे महाग पडतात. ‘कट्’ आवाज आणि गुडघ्यामागे अचानक कळ, असं घडलं असेल तर रेडिओलॉजिस्टला ‘रूट नीट बघा’ असं सांगायला डॉक्टरांना आवर्जून विचारा.

ऑपरेशन की व्यायाम

चाळिशी-पन्नाशीतली झिजेची फाट, गुडघा अडकत नाही, रूट शाबूत आहे: तर आधी तीन महिने व्यायाम. हे कंजुषीचं उत्तर नाही. २०१३ साली फिनलंडमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. अशी झिजेची फाट असलेल्या, पण संधिवात नसलेल्या, ३५ ते ६५ वयाच्या १४६ लोकांत निम्म्यांची गादी खरोखर कापून साफ केली आणि निम्म्यांची फक्त तसं नाटक केलं. रुग्णांना कोणत्या गटात आहोत ते माहीत नव्हतं. वर्षानंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या चाचणीत व्यायामाच्या गटातल्या सुमारे ३० टक्के लोकांनी सहा महिन्यांत शेवटी ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे व्यायाम सगळ्यांना पुरत नाही. पण उशिरा ऑपरेशन केलेल्यांचं त्या उशिरामुळे नुकसान झालेलं दिसलं नाही.

तरुण वय, ताजी दुखापत, कडेजवळची लांबट फाट, अडकणारा गुडघा, रूट टेअर किंवा सोबत एसीएल तुटलेलं: इथे टाके घालून गादी वाचवण्याचा विचार आधी व्हावा. गादी पूर्ण काढून टाकण्याची पद्धत एकेकाळी सर्रास होती. तसं केल्यावर गुडघा कसा झिजतो ते १९४८ पासून एक्स-रेवर नोंदलेलं आहे. म्हणून सर्जनना पहिला प्रश्न हा विचारा: ‘टाके घालता येतील का, की काढावं लागेल? काढलं तर किती?’

गादी भरून काढणारी गोळी किंवा पावडर अस्तित्वात नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन दुखणं काही आठवडे कमी करतं, पण पुढच्या तीन महिन्यांत ऑपरेशन होण्याची शक्यता असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, तेव्हा आधी विचारा.

बारा आठवड्यांचा व्यायाम

मोजपट्टी एकच ठेवा. व्यायाम करताना दुखणं दहापैकी चारच्या वर जाऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली नसावी. वाढली तर आदल्या दिवशीचा डोस जास्त झाला. व्यायाम बंद करायचा नाही, निम्मा करायचा.

पहिले दोन आठवडे उद्देश दोनच: गुडघा पूर्ण सरळ करणं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणं. गुडघ्यात पाणी असलं की हा स्नायू आपोआप ढिला पडतो, म्हणूनच जिना उतरताना पाय दगा देतो. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली छोट्या टॉवेलाची गुंडाळी ठेवा आणि ती खाली दाबा. ५ सेकंद, १० ते १५ वेळा, दिवसातून चारदा. मग एक गुडघा वाकवून, दुखरा पाय सरळ ठेवून फूटभर उचला, ५ सेकंद धरा, १० वेळांचे तीन संच. उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर स्नायू अजून तयार नाही, टॉवेलवरच थांबा. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवून अंथरुणावर टाच पुढे-मागे सरकवा, १५ वेळा. शेवटी टाच टॉवेलाच्या गुंडाळीवर ठेवून गुडघा अधांतरी ५ ते १० मिनिटं सोडून द्या.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उभ्याचे व्यायाम. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, १५ वेळांचे तीन संच. खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा आणि हात न टेकता उठा-बसा, १० वेळांचे तीन संच. जमायला लागलं की उशी काढा. पाठ भिंतीला लावून खाली सरकायचं ते ४५ अंशांपर्यंतच. पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि कुशीवर झोपून पाय वर नेणं हे नितंबाच्या स्नायूंसाठी; ते कमजोर असले की प्रत्येक पावलाला गुडघा आत वळतो. सायकल असेल तर सीट उंच ठेवा, १० मिनिटांपासून २० पर्यंत न्या.

सहाव्यानंतर पायरी. आधी १० सेंटिमीटरची, मग जिन्याची नेहमीची. चढणं लवकर जमतं, हळू उतरणं हाच खरा व्यायाम आहे. एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, मग वजन घेऊन उठाबशा. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी.

प्रगती डोळ्यांनी कळत नाही, मोजा. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या काठापासून १५ सेंटिमीटर वर दोन्ही मांड्यांचा घेर टेपने घ्या, दर दोन आठवड्यांनी. दुखण्यापेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो. वजन जास्त असेल तर तेही मोजा: १ किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी उतरतो. नी कॅप घातली तर चालेल, धीर येतो. पण तिने फाट जुळत नाही, आणि ती घालून झोपू नका.

ऑपरेशन ठरलं तर

दुर्बिणीची शस्त्रक्रिया दोन छोट्या छेदांतून होते, बहुधा कमरेखालची भूल देऊन. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. टाके घालण्याची साधनं नगावर आकारली जातात आणि बिल तिथेच फुगतं. किती लागतील आणि प्रत्येकी किती, हे विचारायला संकोच नको. या साधनांचे (इम्प्लांटचे) स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या, विम्याला लागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा.

गादीचा तुकडा काढला असेल तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी भार देऊन चालवतात. कातडीचे टाके १० ते १४ दिवसांत, बसून करायचं काम एक-दोन आठवड्यांत, खेळ चार ते सहा आठवड्यांनंतर. पटकन बरं वाटतं, आणि त्यामुळेच व्यायाम सोडला जातो.

टाके घालून गादी जोडली असेल तर गणित वेगळं. साधारण सहा आठवडे ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा ताठ पट्टा), गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकवायचा नाही, भार किती द्यायचा ते सर्जन सांगतील. रूटची दुरुस्ती असेल तर बहुधा सहा आठवडे पाय टेकवायचाच नाही. मांडीच्या मागच्या स्नायूवर जोर देणारे व्यायाम, म्हणजे टाच मागे ओढणं, सुरुवातीचे दोन-तीन महिने वर्ज्य. तो स्नायू गादीचं मागचं टोक ओढतो आणि टाका उसवतो. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं चार ते सहा महिने नाही. एवढं करूनही पाच वर्षांनी पाहिलं तर चार-पाचांतल्या एकाची गादी पुन्हा फाटलेली असते, हे आधी माहीत असावं.

घर, जिना आणि प्रवास

सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि पाय टेकवायचा नसेल, तर सहा आठवडे कुठे काढायचे हे ऑपरेशनच्या तारखेआधी ठरवा. कुबड्यांचा सरावही आधीच करा. कुबडीचं वरचं टोक काखेच्या दोन-तीन बोटं खाली असावं, कोपर थोडं वाकलेलं, आणि भार तळहातांवर. काखेत टेकलात तर हाताला मुंग्या येतात. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. एकच काठी असेल तर ती बऱ्या बाजूच्या हातात. पावसाळ्यात तळाचे रबर बदलून घ्या आणि दारातलं ओलं पायपुसणं उचला, घसरायची जागा तीच.

भारतीय शौचालय असेल तर कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात भाड्यानेही मिळते. आंघोळीला प्लॅस्टिकचा स्टूल. पूजा, जेवण, भाजी निवडणं सगळं टेबल-खुर्चीवर, सत्यनारायण असला तरी.

ब्रेस लावून रिक्षात बसायचं तर सीटवर आडवं, पाय सीटवर लांब करून; शेअर रिक्षाचा विचारच सोडा. टॅक्सीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, आधी बूड टेका आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. लोकल सुरू करताना पहिले काही दिवस गर्दीची वेळ टाळा. वाशी-पनवेलकडे जाणाऱ्याला ठाण्याहूनच सुटणारी ट्रान्स-हार्बर गाडी सोयीची, उभ्या गाडीत निवांत चढता येतं. नवी मुंबईच्या स्टेशनांवर सबवेचे जिने उतरावे लागतात, तेव्हा लिफ्ट कुठे आहे ते घरच्यांना आधी पाहून यायला सांगा.

पुन्हा मैदानात

तारखेवर जाऊ नका. सूज नाही, गुडघा दुसऱ्यासारखाच पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकतो, आणि एका पायावरची लांब उडी बऱ्या पायाच्या किमान ९० टक्के पडते. या तीन गोष्टी जमल्या की पळायला सुरुवात. पहिल्यांदा १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असे आठ फेरे, दिवसाआड. जागा सपाट हवी: तलावपाळी, उपवनचा काठ, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई. येऊर, पारसिक किंवा खारघरच्या टेकड्या सगळ्यात शेवटी, कारण उतारावर गुडघ्यावर जास्त ताण येतो. टर्फवर परतताना लांब खिळ्यांचे बूट घालू नका, छोट्या रबरी खिळ्यांचे घ्या.

कबड्डी आणि दहीहंडीला वेगळा नियम लावावा लागतो. हंडीत खालच्या थरातला गडी अर्धवट वाकलेल्या गुडघ्यांवर चार जणांचं वजन तोलतो, आणि थर कोसळला की पाय रोवलेल्या स्थितीतच पिळवटतो. गादीचा तुकडा काढलेल्याने तीन महिने व्यायाम पूर्ण करून, वरील तीन कसोट्या पार केल्यावर सरावाला जावं. टाके घातलेल्याने मात्र त्या वर्षीची हंडी खालून बघावी. गोविंदा पथकात दोर धरायला आणि हिशेब ठेवायलाही माणूस लागतोच.